निराशेचे विचार व ख्रिस्ती विश्वास

मनुष्याच्या मनांत जे विचार येतात त्यांजबद्दल तो कितपत जबाबदार आहे, हा प्रश्न नवा नाहीं. वाईट कृत्याबद्दल आपण जबाबदार आहों हें सर्वांस मान्य आहे. वाईट शब्दाबद्दलहि आहों. पण रात्रीं तिसऱ्या प्रहरीं जाग यावी, आणि "माझें आतां कांहीं होणार नाहीं, देवानें मला टाकून दिलें, मी नसतों तर घरच्यांस बरें झालें असतें," असा विचार न बोलावतां येऊन छातीवर बसावा, तर त्याबद्दल जबाब कोणास विचारावा? मन चिंती तें वैरी न चिंती, अशी आपल्यांत म्हण आहे. वैऱ्यास निदान झोप तरी लागते. आपल्या मनास आपलीं सर्व वर्मे ठाऊक असतात, आणि तें अंधारांत एकेक काढून पुढें मांडतें.

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत ह्या प्रश्नाचें उत्तर बहुधा फार लवकर दिलें जातें. कोणा बंधूची कपाशी बोंडअळीनें गेली, सोसायटीच्या कर्जाची मुदत भरली, घरांत ठरलेलें लग्न मोडलें, आणि तो हळूहळू बोलेनासा झाला. पहिले कांहीं रविवार तो अगदीं मागें दाराशीं बसतो. पुढें उपासनेस येतच नाहीं. मग मंडळींतील कोणी वडील भेटीस जातात, प्रार्थना करितात, आणि उठतां उठतां म्हणतात, "विश्वास कमी पडला, बाबा. विश्वास धर, म्हणजे असले विचार येणारच नाहींत." सांगणाऱ्याचा हेतु चांगला असतो ह्यांत शंका नाहीं. पण ऐकणाऱ्याच्या पदरीं काय पडलें तें पाहा. अगोदर त्याच्या डोक्यावर कर्जाचें ओझें होतें. आतां आपण अविश्वासी आहों हें दुसरें ओझें त्यावर चढलें. ज्या आधारास धरून तो उभा राहावयाचा, तोच आधार त्याच्याविरुद्ध साक्षीदार म्हणून उभा केला गेला. तेव्हां निराशेचा विचार म्हणजे अविश्वास होय काय, आणि नसेल तर विश्वासानें त्याजवर जय मिळवावयाचा म्हणजे नेमकें काय करावयाचें, हें नीट पाहिलें पाहिजे. हा प्रश्न वादापुरता नाहीं. कित्येक घरांत तो जिवाचा प्रश्न झाला आहे.

पवित्र शास्त्रांत ह्या बाबतींतला सर्वांत उघड वृत्तांत एलीया संदेष्ट्याचा होय. राजांच्या पहिल्या पुस्तकाचे अठरावा व एकोणिसावा हे अध्याय वाचकांनीं एका बैठकींत वाचावे. वेगवेगळ्या रविवारीं तुकडे करून वाचल्यानें त्यांतील संबंध तुटतो. कर्मेल डोंगरावर एलीया एकटा उभा राहिला, बआलाच्या साडेचारशें संदेष्ट्यांस त्यानें लाजविलें, स्वर्गांतून अग्नि उतरला, दुष्काळ संपून पाऊस आला, आणि तो अहाब राजाच्या रथापुढें इज्रेलापर्यंत धांवत गेला. इतका मोठा विजय फार थोड्या सेवकांच्या वांट्यास आला असेल. आणि त्याच्या पाठोपाठ ईजबेल राणीचा एक निरोप येतो, आणि हा पुरुष जीव घेऊन पळतो. यहूदांतील बैरशेबा येथें तो आपल्या चाकरास ठेवितो, स्वतः एक दिवसाची वाट रानांत चालून जातो, आणि रतामाच्या एका झुडपाखालीं बसून देवापाशीं मरण मागतो.

चाकरास मागें ठेविलें, ही एवढीशी गोष्ट आपण वाचतांना सोडून देतों. पण ज्यांनीं निराशेनें ग्रासलेला मनुष्य जवळून पाहिला आहे, त्यांस ती लगेच ओळखूं येईल. असा मनुष्य प्रथम सोबत टाळितो. त्यास वाटतें, माझें दुःख मी दुसऱ्यास कां द्यावें? आणि सोबत सुटली म्हणजे मनाच्या बोलण्यास उलट उत्तर देणारा कोणी उरत नाहीं.

आतां देवानें काय केलें तें पाहूं. त्यानें एलीयास उपदेश केला नाहीं. कर्मेलाची आठवण देऊन लाजविलें नाहीं. विश्वास कोठें गेला, असें विचारिलें नाहीं. एलीया झोंपला, आणि देवानें त्यास झोंपूं दिलें. मग दूतानें स्पर्श करून उठविलें; उशाशीं निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचें भांडें होतें. तो खाऊन पिऊन पुन्हां निजला, तरी दूतानें राग केला नाहीं. दुसऱ्यानें येऊन पुन्हां खावयास सांगितलें, आणि कारण एवढेंच दिलें कीं पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची आहे. ज्यानें मरण मागितलें होतें त्यास देवाकडून मिळालेलें पहिलें उत्तर झोप, भाकर व पाणी हें होय. आपल्यांतील कित्येक भक्तिमान् लोकांस हें उत्तर फार हलकें वाटेल. परंतु मनुष्यास मातीपासून ज्यानें घडविलें, त्यास मातीची गरज ठाऊक आहे.

पुढें चाळीस दिवस चालून एलीया होरेब डोंगरावर पोहोंचला व एका गुहेंत राहिला. तेथें देवानें त्यास विचारिलें कीं, तूं येथें काय करितोस. एलीयानें आपलें गाऱ्हाणें सांगितलें: लोकांनीं करार मोडला, वेद्या पाडल्या, संदेष्टे मारिले, मी एकटा उरलों, आणि माझ्याहि जिवावर ते उठले आहेत. नंतर वारा, भूकंप व अग्नि हीं झालीं, आणि शेवटीं एक मंद, शांत वाणी ऐकूं आली. एलीयानें झग्यानें तोंड झांकलें. तोच प्रश्न पुन्हां झाला. येथें आपली अपेक्षा अशी कीं, इतकें पाहिल्यावर व ऐकल्यावर त्याचें उत्तर बदललें असेल. तें बदललें नाहीं. दहाव्या व चौदाव्या वचनांतील त्याचें गाऱ्हाणें शब्दशः एकच आहे. देवाचें प्रत्यक्ष दर्शन घडूनहि निराशेचें पाठ केलेलें बोलणें त्याच्या तोंडांतून जसेंच्या तसें बाहेर आलें, आणि देवानें त्याबद्दल त्यास दोष लाविला नाहीं. जे म्हणतात कीं एका प्रार्थनासभेनें, एका रात्रीच्या उपासानें असले विचार समूळ गेले पाहिजेत, नाहींतर मनुष्यांत कांहीं खोट आहे, त्यांनीं ह्या दोन वचनांपुढें थोडें थांबावें.

एलीयाच्या गाऱ्हाण्यांत खरें किती होतें? बहुतेक सर्व. वेद्या खरोखर पाडल्या होत्या, संदेष्टे मारले गेले होते, राणी त्याचा जीव घेऊं पाहत होती. खोटें एकच होतें: मी एकटा उरलों. आणि नवल हें कीं, हें खोटें आहे असें त्यास थोड्याच दिवसांपूर्वीं कळलें होतें. अहाबाचा कारभारी ओबद्या ह्यानें वाटेंत भेटून त्यास सांगितलें होतें कीं, मीं देवाचे शंभर संदेष्टे पन्नास पन्नास करून गुहांत लपविले व त्यांस अन्नपाणी पुरविलें. एलीयानें तें आपल्या कानांनीं ऐकिलें होतें. झुडपाखालीं बसतांना तें त्यास आठवलें नाहीं. निराशा सहसा सगळें खोटें सांगत नाहीं. सगळें खोटें सांगितलें तर आपण तिजवर विश्वासच ठेविला नसता. ती नऊ गोष्टी खऱ्या सांगते आणि दहावी त्यांत मिसळून देते, जसें गवळी दुधांत पाणी घालतो, पाण्यांत दूध नव्हे. देवानें एलीयाचीं नऊ वाक्यें तशींच राहूं दिलीं. दहाव्यापुढें त्यानें एक आंकडा मांडला: ज्यांनीं बआलापुढें गुडघे टेकले नाहींत असे सात हजार.

ह्या ठिकाणीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं ॲरन बेक नांवाच्या वैद्यानें १९६० नंतरच्या दशकांत खिन्नतेनें आजारी असलेल्या लोकांसाठीं एक उपचारपद्धति बसविली, आणि ती आज जगभर चालते. तींत रोग्यास आनंदी राहा असें सांगत नाहींत. त्याच्या मनांत आपोआप उठणारा विचार त्याजकडून कागदावर लिहवून घेतात, आणि मग विचारतात: ह्यास पुरावा काय? ह्याविरुद्ध पुरावा काय? हा वैद्य होरेबावरील संभाषणावरून ही रीत शिकला असें मी म्हणत नाहीं. परंतु जें खरें आहे तें दोन वाटांनीं जाणाऱ्यांस एकाच ठिकाणीं भेटावें ह्यांत आश्चर्य काय?

प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायांत विचारांस बंदिवान करून ख्रिस्ताच्या आज्ञेखालीं आणण्याविषयीं लिहितो. हें वचन फार वेळां निराश मनुष्याच्या तोंडावर फेंकलें जातें, जणूं काय पौलानें विचारांस ठार मारण्यास सांगितलें आहे. बंदिवान जिवंत असतो. पोलीस पाटील ज्यास धरितो त्यास तो स्वतः शिक्षा देत नाहीं. त्यास न्यायाधिशापुढें नेऊन उभा करितो, आणि निकाल तेथें होतो. माझ्या मतें ख्रिस्ती मनुष्याचें निराश विचाराशीं जें युद्ध आहे तें ह्याच प्रकारचें आहे. विचार ओसरीवर आला, ह्यांत पाप नाहीं. त्यास न्यायाधिशाच्या आसनावर बसवून त्याजकडून स्वतःविषयीं निकाल घेणें, हें मात्र आपल्या हातून होऊं नये. तो आला म्हणजे त्यास धरून प्रभूपुढें न्यावें व जें तो म्हणतो तें तेथें मोठ्यानें म्हणूं द्यावें.

मोठ्यानें म्हणूं द्यावें, असें मीं मुद्दाम लिहिलें. हल्लीं शुभ विचार करा म्हणजे शुभ होईल, अशी एक शिकवण सर्वत्र पसरली आहे. न्यूयॉर्क येथील पाळक नॉर्मन व्हिन्सेंट पील ह्यांनीं १९५२ सालीं ह्या विषयावर जें पुस्तक प्रसिद्ध केलें तें जगभर खपलें, आणि त्याच्या मागून तशा पुस्तकांची रीघ लागली. आतां तीं बसस्थानकावरहि विकत मिळतात. त्यांत उपयोगाचें कांहींच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. सकाळीं उठून कण्हण्यापेक्षां देवाचे उपकार आठवणें केव्हांहि बरें. परंतु विश्वास आणि ही शिकवण एक नव्हेत. ही शिकवण मनुष्यास आपल्या मनाचें दार राखावयास सांगते. अशुभ विचार आंत येतां कामा नये. विश्वास त्यास देवाचें दार ठोठावयास सांगतो, मग हातांत कांहींहि असो. पहिलींत सगळा भार मनुष्याच्या मनाच्या बळावर आहे, आणि निराश मनुष्याचें जें प्रथम जातें तें मनाचें बळच.

स्तोत्रसंहिता उघडून पाहावी. बेचाळिसाव्या व त्रेचाळिसाव्या स्तोत्रांत कवि आपल्या जिवास खिन्नतेचें कारण विचारितो व देवाची आशा धरण्यास सांगतो. हें तो एकदां सांगत नाहीं. तीन वेळां सांगतो. ज्यास तीन वेळां सांगावें लागलें त्यास पहिल्या वेळीं गुण आला नव्हता हें उघड आहे. अठ्ठ्याऐंशीवें स्तोत्र तर ह्याच्याहि पलीकडचें आहे. त्याच्या शेवटीं उजेड नाहीं. शेवटचा शब्द काळोखाचा आहे. ज्यांनीं हें स्तोत्र शास्त्रांत राहूं दिलें त्यांस ठाऊक होतें कीं, मंडळींत असाहि कोणी बसलेला असतो ज्यास आज इतकेंच म्हणतां येतें. तें तो देवास उद्देशून म्हणतो, आणि त्याचा विश्वास तेवढ्यांतच आहे. गेथशेमाने बागेंत आपल्या प्रभूनेंहि आपला जीव मरणप्राय दुःखी झाल्याचें शिष्यांपासून लपविलें नाहीं. उलट जवळ राहून जागे राहा असें त्यांस विनविलें. खिन्नता हें पाप असतें तर निष्पाप पुरुषाच्या तोंडीं ते शब्द आले नसते.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, एलीयाचें शेवटीं बरें झालें, स्तोत्रकर्त्याचेंहि बहुतेक बरें झालें. पण ज्याचें बरें होत नाहीं त्याचें काय? हा प्रश्न टाळून ह्या विषयावर लिहिणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. म्हणून इंग्रज कवि विल्यम कूपर ह्याचें चरित्र थोडें सविस्तर सांगतों.

कूपर १७३१ सालीं जन्मला. सहा वर्षांचा असतां त्याची आई वारली. वकिलीचा अभ्यास करून तो लंडनांत राहिला. १७६३ सालीं त्यास सरकारी जागेसाठीं परीक्षा द्यावयाची होती, तिच्या भीतीनें त्याचें चित्त बिघडलें व त्यानें अनेक वेळां जीव देण्याचा प्रयत्न केला. नातलगांनीं त्यास सेंट ऑल्बन्स येथें डॉक्टर कॉटन ह्यांच्या वेड्यांच्या आश्रमांत ठेविलें. हा वैद्य दयाळु व भक्तिमान् होता. तेथें एके दिवशीं पवित्र शास्त्र वाचतांना कूपरास ख्रिस्ताच्या क्षमेचा अर्थ समजला व तो बरा झाला. पुढें तो ओल्नी गांवीं जाऊन राहिला. तेथील पाळक जॉन न्यूटन पूर्वीं गुलामांच्या जहाजावर कप्तान होते. दोघांची दाट मैत्री जमली. दोघे मिळून गरिबांच्या घरीं प्रार्थनेस जात. दोघांनीं लिहिलेल्या गीतांचा संग्रह १७७९ सालीं ओल्नीच्या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील कूपरचीं कित्येक गीतें आजहि इंग्रजी मंडळ्यांत गाइलीं जातात.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ती सभांतून सांगण्यास फार सोयीची झाली असती. परंतु १७७३ सालच्या आरंभीं कूपर पुन्हां आजारी पडला. एका स्वप्नांत त्यास वाटलें कीं, देवानें आपला कायमचा त्याग केला असा निकाल आपण ऐकला. त्या दिवसापासून पुढें सत्तावीस वर्षें, म्हणजे १८०० सालीं मरेपर्यंत, हा समज त्याच्या मनांतून पूर्णपणें गेला नाहीं. दुसऱ्या सर्वांसाठीं ख्रिस्त मेला, माझ्यासाठीं मात्र नाहीं, असें तो मानी. उपासनेस जाणें त्यानें सोडलें. ज्यानें क्षमेचीं गीतें लिहिलीं तो स्वतः मंदिराबाहेर राहिला, आणि आंत लोक त्याचींच गीतें गात होते.

त्याच्या विश्वासास काय म्हणावें? मला विचाराल तर मी त्याच्या बोलण्याकडे न पाहतां त्याच्या हातांकडे पाहीन. त्यानें बाग केली, फुलें लाविलीं, तीन ससे पाळले. १७८५ सालीं त्यानें आपलें मोठें काव्य प्रसिद्ध केलें. एका दात्याचे पैसे ओल्नीच्या गोरगरिबांस गुपचूप वांटण्याचें काम त्यानें पत्करलें. १७८८ सालीं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध चळवळ चालू होती तेव्हां गुलामांच्या बाजूनें त्यानें कविता लिहिल्या. त्याच सालीं न्यूटन ह्यांनींहि त्या व्यापाराविरुद्ध आपली साक्ष छापून प्रसिद्ध केली. आपणांस देवापासून कांहीं मिळावयाचें नाहीं अशी ज्याची खात्री होती, त्यानें देवास आवडणारीं कामें केलीं. बक्षिसाची आशा नसतां केलेली चाकरी! मोबदल्याच्या हिशेबानें प्रार्थना करणारे आपण त्याच्या विश्वासाचें माप काढावयास बसूं नये हें बरें.

आणि न्यूटन ह्यांनीं काय केलें? १७७३ च्या त्या आजारांत कूपर त्यांच्या घरीं आला, आणि वर्षाहून अधिक काळ जाईना. न्यूटन ह्यांनीं त्यास ठेवून घेतलें. मित्राच्या मनांतील समज वाद घालून काढतां येत नाहीं हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें. म्हणून त्यांनीं त्यास सोबत दिली. पुढें ते लंडनास गेले तरी पत्रें लिहीत राहिले. मेरी अनविन नांवाच्या एका विधवा बाईनें तर त्याची शुश्रूषा करण्यांत आपलें उर्वरित आयुष्य घालविलें. विश्वासानें निराशेवर जय मिळविला कीं नाहीं, हा प्रश्न कूपरच्या बाबतींत एकट्या कूपरकडे पाहून सोडवितां येत नाहीं.

असेंच दुसरें एक घर आपल्या ओळखीचें आहे. ज्या विल्यम केरीसाहेबांनीं १८०५ सालीं श्रीरामपूर येथें मराठी भाषेचें व्याकरण छापिलें, ते १७९३ सालीं बंगाल्यांत उतरले. पुढच्याच वर्षीं त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर वारला. त्या काळची त्यांची दैनंदिनी खिन्नतेनें भरलेली आहे. आपण निरुपयोगी आहों असें ते वारंवार लिहितात. केरी त्यांतून काम करीत करीत पार पडले. पण त्यांची पत्नी डॉरथी, जी मुळांत हिंदुस्थानांत यावयास नाखूष होती, तिचें चित्त त्याच दुःखांत जें बिघडलें तें १८०७ सालीं तिच्या मरणापर्यंत सुधारलें नाहीं. एकच घर, एकच मेलेलें मूल, एकच देव. पतीस विश्वास होता म्हणून तो वांचला आणि पत्नीस नव्हता म्हणून ती बुडाली, असें म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये. ती आजारी होती, आणि त्या काळीं त्या आजारास औषध नव्हतें.

आज आहे. म्हणून हें स्पष्ट लिहितों. ज्यास आठवड्यामागून आठवडे झोप नाहीं, अन्नाची वासना नाहीं, कामांत व माणसांत मन लागत नाहीं, आणि मरणाचे विचार येतात, त्यास मलेरियाच्या रोग्याप्रमाणेंच डॉक्टरकडे नेलें पाहिजे. त्याच्यासाठीं प्रार्थना करावीच. पण प्रार्थना करून घरांत ठेवून घेणें म्हणजे दूतानें आणिलेली भाकर परत पाठविण्यासारखें आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत मनाच्या आजारावर औषधें मिळतात. सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस नांवाची सेवा सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनि केला असतां पैसे न घेतां मराठींतहि बोलतां येतें. आणि जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या मनुष्यास पोलिसांच्या भीतीनें लपवून ठेवूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अशा मनुष्यावर मोठा ताण होता असेंच गृहीत धरावयाचें आहे, आणि त्याची काळजी घेणें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे. सरकारी कायद्यास जी दया सुचली ती मंडळीस अगोदर सुचावयास हवी होती. ज्या घरांतील कर्ता पुरुष असा गेला, त्या घरच्या विधवेस आपण उपासनेंत कोठें बसवितों, तिच्याशीं कोण बोलतो, दफनाच्या वेळीं पाळक व वडील काय म्हणाले, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवापुरतें आठवून पाहावें.

मार्कानें लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत एका पक्षघाती मनुष्यास चौघेजण उचलून आणितात, आणि गर्दीमुळें वाट मिळेना म्हणून घराचें छप्पर उसकटून त्यास खालीं सोडितात. येशूनें कोणाचा विश्वास पाहिला? शास्त्र म्हणतें, त्यांचा, आणणाऱ्यांचा. बाजेवरच्या मनुष्यास विश्वास होता कीं नव्हता ह्याविषयीं तेथें एक अक्षर नाहीं. विश्वास ही वस्तु प्रत्येकाच्या छातींत वेगळी मोजून ठेविलेली असते, असें आपण समजतों; पण ह्या गोष्टींत ती चार टोकांस धरून उचललेली दिसते. ज्यास आज प्रार्थना करवत नाहीं त्याच्या वतीनें मंडळीनें करावी. ज्यास देवाच्या प्रीतीची खात्री वाटत नाहीं त्याच्यासाठीं ती खात्री दुसऱ्यांनीं तूर्त सांभाळून ठेवावी, जशी परगांवीं गेलेल्या शेजाऱ्याच्या घराची किल्ली आपण ठेवितों. पौलासारखा प्रेषितसुद्धां आशियांत जगण्याची आशा सोडून बसला होता, हें त्यानें करिंथकरांस स्वतः लिहिलें आहे. आणि मासेदोनियांत तो खचला असतां देवानें त्याचें सांत्वन कशानें केलें, तर तीत भेटावयास आला त्यानें.

भेटीस जाणाऱ्यांनीं तेथें काय बोलावें ह्याची फार चिंता करूं नये. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले, तोंवर त्यांचें सर्व ठीक चाललें होतें. बिघडलें तें त्यांनीं तोंड उघडल्यावर. उसाला पाणी देण्याच्या पाळीस बरोबर जावें, बैलांचें वैरणपाणी करूं लागावें, बायकांनीं एक वेळची भाकर त्यांच्या चुलीवर जाऊन भाजावी, दवाखान्यांत जावयाचें असेल तर एसटींत शेजारीं बसावें. कर्जाच्या कागदांस हात लावण्याची त्यास भीति वाटत असेल तर मंडळींतील लिहितां येणाऱ्या कोणीं ते कागद त्याच्यासमोर उलगडावे. पुष्कळदां मनांतील आंकडा कागदावरील आंकड्याहून मोठा असतो.

एलीयाची गोष्ट मीं अर्धी सोडली होती. सात हजारांचा आंकडा सांगितल्यावर देवानें त्यास डोंगरावर बसवून ठेविलें नाहीं. तीन कामें देऊन परत पाठविलें. त्यांतील एक काम अलीशास आपल्या जागीं अभिषेक करण्याचें होतें. एलीया गेला तेव्हां अलीशा शेतांत नांगर धरून होता. बैलांच्या बारा जोड्या चालल्या होत्या आणि तो स्वतः बाराव्या जोडीवर होता. एलीयानें जवळून जातां जातां आपला झगा त्याजवर टाकिला. तेथपासून चाकरास बैरशेबांत ठेवून एकट्यानें रानांत जाण्याचें एलीयाचें संपलें. पुढें शेवटच्या दिवशींहि त्यानें जुनी रीत करून पाहिली. गिलगालाहून निघतांना, बेथेलांत, आणि पुन्हां यरीहोंत, असें तीन वेळां त्यानें अलीशास सांगितलें कीं तूं येथेंच राहा, मला एकट्यास जाऊं दे. अलीशानें तिन्ही वेळां ऐकलें नाहीं. तो शेतकरी होता, धरलेलें सोडण्याची त्यास संवय नव्हती. यार्देनेचें पाणी दुभंगलें तेव्हां कोरड्या जमिनीवरून दोघे बरोबरच पलीकडे गेले.